शनिवारी छापून येणारा माझा भाऊ

माझा भाऊ सम्यक दर शनिवारी पेपरात छापून येतो. आमच्या परळच्या चाळीत हे माहीत नसलेलं माणूस शोधून सापडायचं नाही, कारण आई ते सगळ्यांना सांगते. पाण्याच्या वेळेला नळावर सांगते, भाजीवाल्याला सांगते, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा सांगते. "आमचा सम्या पेपरात लिहितो." कशावर लिहितो असं कोणी विचारलं तर मात्र तिचा आवाज जरा उतरतो. "ते गेम असतात ना टीव्हीवरचे, त्याच्यावर."

मी त्याची मोठी बहीण नम्रता. हे जे मी लिहिते आहे ते भावाच्या कौतुकाने लिहिते आहे असा कोणाचा समज झाला असेल तर तो आत्ताच दूर झालेला बरा. दोन वर्षं दर शनिवारी माझ्या पोटात दुखलं आहे. सकाळी पेपर दाराखालून आत सरकला की आईच्या आधी मी उठायचे, पुरवणी काढायचे, कॉलम वाचायचे आणि पुन्हा होता तसा घडी घालून ठेवायचे. मग आई उठून वाचायची तेव्हा मी पोळ्या लाटत असायचे, आणि तिला हसू आलं की माझी पोळी फाटायची.

सम्यकबद्दल खरं तेच सांगते. तो काडीपैलवान आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केस कधीच विंचरलेले नसतात. दादरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. जेवतो उभ्याने. कोणतीही वस्तू घेतली तिथे परत ठेवत नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत हा गुन्हा आहे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्याला कोणताही खेळ येत नाही. कॅरममध्ये तो स्वतःचा स्ट्रायकर घालवतो, क्रिकेटमध्ये चाळीतली पोरं त्याला गॅलरीच्या टोकाला उभा करायची. व्हिडिओ गेममध्येही तेच. पण त्याला हरण्याचं काही वाटत नाही. हरला की खो-खो हसतो आणि आपण कसे हरलो ते दहा जणांना सांगतो. त्याच्या कॉलमचं नावच 'आज पुन्हा हरलो' असं आहे. गेमवर लिहिणारे बाकीचे लोक कसं जिंकायचं ते सांगतात. हा कसा हरलो ते सांगतो, आणि लोक चवीने वाचतात.

मी मात्र जिंकणारी होते. निबंध स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा, आंतरशालेय, आंतरमहाविद्यालयीन. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला गुणवंतांचा सत्कार असतो, तिथे एक काळ असा होता की माझं नाव पुकारायच्या आधीच मी उठून चालायला लागायचे. ती सगळी सन्मानचिन्हं आता पोटमाळ्यावर एका पोत्यात आहेत, कारण मांडायला जागा नाही. पप्पा रे रोडला लाकडाच्या वखारीत होते. ते गेले तेव्हा सम्यक शाळेत होता आणि माझं बी.ए. नुकतंच झालं होतं. पुढे पत्रकारिता करायची असं मी मनात ठरवलेलं होतं. ते मनातच राहिलं. मी शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात कागदपत्रांच्या कामाला लागले, आणि अजून तिथेच आहे. तरी माझं नाव एकदा त्या पेपरात छापून यावं ही एकच गोष्ट मला हवी होती. मी लेख पाठवत राहिले. ते साभार परतसुद्धा येत नव्हते.

आता त्याला कॉलम मिळाला कसा ते ऐका, म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड का होतो ते कळेल.

त्या पेपरच्या शनिवारच्या पुरवणीने तरुणांकडून लेख मागवले होते. मी 'वाचनसंस्कृती आणि आजचा युवक' असा लेख लिहिला. त्याच आठवड्यात माझ्या फोनने मान टाकली, म्हणून मी सम्यकला म्हटलं, तुझ्या मेलवरून पाठव. त्याने पाठवला. पाठवताना खाली आपल्या मनाने चार ओळी जोडल्या. 'मॅडम, वरचा लेख माझ्या ताईचा आहे, चांगला असणार. पण तुमच्या पुरवणीत गेमवर काहीच नसतं. काल मी एका गेममध्ये जमवलेल्या सगळ्या मोहरा देऊन घोडा घेतला. त्याच्यावर चढायचं बटण सापडेना, म्हणून तीन गावं त्याचा लगाम धरून पायी गेलो. वाटेत लोक मला नमस्कार करत होते. असं काहीतरी छापा ना.'

चांगला असणार, म्हणे. वाचलासुद्धा नव्हता.

पुरवणी बघणाऱ्या कालिंदी मॅडमचा फोन आला. त्यांना घोडा हवा होता. माझ्या लेखाबद्दल त्या म्हणाल्या, "ताईंचा लेख अभ्यासपूर्ण आहे." अभ्यासपूर्ण म्हणजे नको, हे एवढ्या वर्षांत मला कळायला लागलेलं होतं. सम्यक फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही कानकोंडं झालं असावं, कारण त्या दिवशी तो खाली बसून जेवला.

तेव्हापासून त्याचा मजकूर पेपरात जायच्या आधी मी तपासून द्यायचे. आईला वाटायचं, बघा, बहीण भावाला कशी मदत करते. मी चुका सापडाव्यात म्हणून वाचायचे. ऱ्हस्व-दीर्घाच्या सापडायच्या ढिगाने, पण वाक्य मोडावं असं सापडायचं नाही. तो बोलतो तसं लिहायचा आणि ते वाचताना त्याचा आवाज ऐकू यायचा. माझ्या लेखात माझा आवाज कधी कोणाला ऐकू आला असेल असं मला वाटत नाही. तिथे 'परिप्रेक्ष्य' आणि 'अनिवार्य' असले शब्द रांगेने उभे असायचे.

यंदा एप्रिलमध्ये त्याची शेवटची परीक्षा आली. मागचा एक विषय राहिलेला, तोही डोक्यावर होता. पेपरवाल्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं की पदवी हातात घेऊन ये, शिकाऊ म्हणून घेतो. म्हणजे पदवीही हवी आणि कॉलमही चालू राहायला हवा. कालिंदी मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं. पुरवणीतली जागा एकदा रिकामी दिसली की तिथे जाहिरात येऊन बसते आणि मग ती उठत नाही. इकडे आईने त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट दिसला की तो चुलीत घालीन असं जाहीर केलं होतं. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, पण आईचा राग जुना आहे.

सम्यक विहाराच्या माडीवरच्या अभ्यासिकेत जागा धरून बसला. तिथे स्पर्धा परीक्षावाले असतात, कुजबुजलं तरी मान वर करून बघतात. एका संध्याकाळी तो मला खाली अंगणात बोलावून म्हणाला, "ताई, तीन शनिवार तू लिही ना."

"मी?"

"माझ्या नावाने. तुला येतं गं लिहायला."

"गेमवर? मला त्या रिमोटची बटणं कळत नाहीत."

"मला पण नाही कळत. तोच तर कॉलम आहे."

मी त्याला सुनावलं. माझ्या जन्मात मी तुझ्या नावाने लिहिणार नाही, तुझं तू बघ, आयत्या बिळावर नागोबा होतोस. तो ऐकून वर निघून गेला. आणि मग मला झोपेतून जाग आल्यासारखं झालं. माझी वाक्यं त्या पेपरात छापून येणार होती. नाव त्याचं असलं तरी वाक्यं माझी. आणि लोकांना फरक कळला तर? हा प्रश्न मी मनातल्या मनात बऱ्याच वेळा फिरवला. दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. बहिणीच्या मायेने म्हटलं नाही. बघच आता, असं म्हणत म्हटलं.

गेम खेळायचं यंत्र आमच्याकडे नाही. सम्यक खेळतो ते त्याच्या मित्राकडे, कल्पेशकडे, शिवडीच्या कोळीवाड्यात. माझ्या गोदामापासून ते घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. सुटले की मी तिकडे जायला लागले. कल्पेशची आई गुणवंतीमावशी लालबागच्या बाजारात मासे विकते. संध्याकाळी ती घरी असायची, पाय पसरून लसूण सोलत बसायची आणि माझा खेळ बघायची. कल्पेश मला रिमोट हातात देऊन मोबाइलवर पडून राहायचा.

कालिंदी मॅडमनी त्या आठवड्यासाठी एक नवा गेम सुचवला होता. मारामारी नाही, पळापळ नाही. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. दारात खोकी असतात. ती उघडायची आणि एकेक वस्तू घरात लावायची. सगळं जागच्या जागी लागलं की पुढचं घर मिळतं. कल्पेश म्हणाला, "एकदम सोपा आहे, ताई. लहान पोरं खेळतात."

मला आनंद झाला. सामान लावण्यात माझा हात कोण धरेल? मी खोकी उघडली आणि पहिल्या खोलीत कामाला लागले. पलंगाखाली भांड्यांची खोकी. कपाटावर गाद्या. गाद्यांवर पुस्तकं. टेबलाखाली चपला, टेबलावर कुकर, कुकरच्या मागे औषधांची बाटली, म्हणजे पटकन हाताला येते. पोराची सायकल भिंतीला उभी टांगली. मधोमध चार माणसं झोपतील एवढी जागा मोकळी सोडली. मी मागे सरकून बघितलं. सुरेख बसलं होतं सगळं.

गेमने मला पुढे जाऊ दिलं नाही. प्रत्येक वस्तूभोवती लाल रेघ आली.

मी पुन्हा लावलं. कुकर खाली, चपला दाराशी, गाद्यांची चळत बदलली. पुन्हा लाल. गुणवंतीमावशी लसूण टाकून पुढे सरकली.

"अगो, बरोबर तं लावलंस. सगला हाताशी हाय. आनी काय पायजे त्याला?"

"तेच ना, मावशी."

"ती सायकल आडवी घाल पलंगाखाली. आमच्याकडं तसाच ठेवतात."

सायकल आडवी घातली. लाल. आम्ही दोघी सगळी संध्याकाळ भांडत होतो, त्या गेमशी आणि मग एकमेकींशीही. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी मला रडू यायला लागलं. आयुष्यात मी निबंधात पहिली आले, आणि लहान पोरांच्या खेळात माझ्या सामानाला लाल रेघा. शेवटी कल्पेशने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिला.

"ताई, बाकीच्या खोल्या का नाही वापरत?"

"कुठल्या खोल्या?"

त्याने माझ्या हातातला रिमोट घेतला आणि चित्र बाजूला सरकवलं. पलीकडे स्वयंपाकघर होतं. त्याच्या पलीकडे आणखी एक खोली. वर जिना होता, आणि वर दोन खोल्या. सगळ्या रिकाम्या, उजेड आलेल्या. मला त्या दारांतून दिसल्या होत्या. पण मला वाटलं होतं त्या दुसऱ्या कोणाच्या आहेत.

गुणवंतीमावशी म्हणाली, "बया. यवऱ्या खोल्या. मंग झारनार कोन?"

हे सगळं मी लिहिलं. बसचा थांबा आला तरी डोक्यात वाक्यं येत होती आणि घरी येऊन मी ती ओट्याशी उभी राहून लिहिली. 'परिप्रेक्ष्य' कुठे आठवलाच नाही. सम्यकच्या नावाने जायचं म्हणून 'मी हरलो' असं लिहायचं होतं, आणि हरले तर मी खरंच होते. शेवटी माझ्या सख्ख्या मावशीबद्दल लिहिलं. ती पुनर्विकासात टॉवरमध्ये राहायला गेली, दोन खोल्या आणि हॉल मिळाला, आणि अजून सगळे हॉलमध्येच ओळीने झोपतात. आतल्या खोलीत पाहुणा आला तर झोपेल म्हणून गादी घालून ठेवली आहे. पाहुणा येतो तोही हॉलमध्येच झोपतो, कारण एकट्याला आत झोप येत नाही.

शनिवारी छापून आलं. वर सम्यकचा चष्म्यातला फोटो, खाली माझी वाक्यं.

आईने वाचलं. आई सावकाश वाचते, बोट ठेवून. वाचून झाल्यावर ती पोटमाळ्याकडे बघत बसली. मग पुरवणी घेऊन शेजारी गेली. दुपारपर्यंत ती पुरवणी चाळीच्या तिन्ही मजल्यांवर फिरून आली आणि परत आली तेव्हा तिच्यावर हळदीचा डाग होता. नळावर बायका हसत होत्या आणि एक डोळे पुसत होती. पेपराकडे पत्रं आली. नायगावातून, घोडपदेवहून, वडाळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधून. 'सम्यक, तू आमच्या घरात येऊन गेलास का?' असं कोणीतरी लिहिलं होतं.

मी कोणावर जळावं हेच मला कळेना. इतके दिवस दुसऱ्याच्या चांगल्या लेखावर जळत होते. आता माझ्या स्वतःच्या लेखावर जळत होते. जिन्यात लोक सम्यकच्या पाठीवर थाप मारत होते आणि तो बिचारा अभ्यासाची झापडं लावून "थँक्यू, थँक्यू" म्हणत पुढे जात होता. त्याने लेख वाचलेलाही नव्हता. परीक्षा होईपर्यंत वाचणार नाही असं त्याने ठरवलं होतं. मी आणखी दोन लिहिले. तेही लोकांना आवडले. आता माझ्या पोळ्या गोल होत होत्या, पण नरड्याखाली उतरत नव्हत्या.

परीक्षा संपली. त्या दुपारी तो गॅलरीत बसला आणि तिन्ही लेख वाचले. मी आतून बघत होते. पहिला वाचताना तो एकदा हसला. मग हसायचं थांबला. तिसरा संपला तेव्हा त्याने तिन्ही पुरवण्या एकावर एक ठेवून कडा जुळवल्या, जे तो कधीच करत नाही.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"ठीक आहेत."

एवढं बोलून तो खाली उतरला. मग पुढे बरेच दिवस माझ्याशी नीट बोललाच नाही. चहा दिला तर "ठेव" म्हणायचा. पुढच्या शनिवारचा लेख त्याने मला तपासायला दिला नाही, परस्पर पाठवला. छापून आला तेव्हा मी वाचला आणि मला धक्का बसला. तो माझ्यासारखं लिहायला बघत होता. शेवटी कोणाच्या तरी आजोबांना आणून रडवायचा प्रयत्न केला होता. हसणं कुठेच नव्हतं. आईने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "सम्या, मधले तीन चांगले होते रे."

सम्यकने पानावरची भाजी परत पातेल्यात टाकली आणि उठला. आईला वाटलं मीठ जास्त झालं. मला मात्र आतून बरं वाटत होतं, आणि का बरं वाटतंय याकडे मी बघत नव्हते.

बुद्धपौर्णिमा आली. विहाराचे सचिव राजारामकाका सत्काराची यादी घेऊन आले, त्यात सम्यकचं नाव. आमच्या विहारात एक पद्धत आहे, काकांनीच घातलेली. सत्कार झालेल्याने भाषण करायचं नाही. स्वतःचं काहीतरी वाचायचं. शाळेतल्या पोराने आपला निबंध, चित्रवाल्याने आपलं चित्र दाखवायचं. भाषणं लांबतात आणि खीर थंड होते म्हणून ही पद्धत. काका म्हणाले, "सम्यक, तो रिकाम्या खोल्यांचाच वाच हां. सगळ्यांनी सांगितलंय."

मी पांढरी साडी इस्त्री केली. आई म्हणाली, एवढी तर तू स्वतःच्या सत्काराला सजली नव्हतीस. मी दुसऱ्या रांगेत बसले. नाव नसेल, नसू दे. माझी वाक्यं माइकवरून माझ्याच लोकांसमोर वाचली जाणार होती. मावशी टॉवरमधून मुद्दाम आली होती. मला फक्त ऐकायचं होतं, लोक कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात.

त्रिसरण-पंचशील झालं. दोन मुलांचे सत्कार झाले. सम्यक उभा राहिला, शाल घेतली, पुस्तक घेतलं, माइकसमोर आला. काकांनी हौसेने कात्रण त्याच्या हातात दिलं. त्याने ते पाहिलं, आणि परत केलं.

"हा नको, काका. हा मला वाचता येणार नाही."

खालून दोन-तीन जण म्हणाले, "अरे तोच वाच." त्याने मान हलवली, खिशातून मोबाइल काढला आणि घोड्याचा वाचला. दोन वर्षांपूर्वीचा, सगळ्यांनी ऐकलेला. वाचलाही पडेल आवाजात. लोक सौजन्याने हसले. मागची पोरं खिरीच्या पातेल्याकडे सरकली. मावशी आईला विचारत होती, "ह्यात मी कुठे आहे गं?"

माझं डोकं फिरलं. निघताना मी त्याला विहाराच्या मागच्या बाजूला गाठलं. तो शालीची घडी घालायचा प्रयत्न करत होता.

"का नाही वाचलास?"

"तुझा आहे तो."

"मला माहीत आहे माझा आहे. नाव घेऊ नको म्हटलं असतं मी. नुसता वाचायचास. तेवढंही सहन नाही झालं तुला?"

"वाचला असता तर टाळ्या मला पडल्या असत्या. आणि त्या कोणाच्या आहेत ते मला माहीत असतं."

"मग सांगायचंस. माइक होता हातात. ताईने लिहिलाय म्हणायचंस."

त्याने शालीची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाला, "तेच सांगायला उभा राहिलो होतो. नाही सांगवलं. तू समोर बसली होतीस, एवढी तयार होऊन. माझी जळली, ताई. माझी कधी अशी जळत नाही. हरलो तर मला काही नाही वाटत, तुला माहितीये. पण ह्याच्यात हरलो ते नाही झेपलं."

मला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण त्याचा चेहरा मी ओळखत होते. कपाळ असं ओढलेलं, ओठ आत घेतलेले, नजर कुठेतरी भिंतीच्या कोपऱ्यात. दोन वर्षं शनिवारी सकाळी कपाटाच्या आरशात मी तोच बघत आले होते. आमच्या घरात आजवर कोणी माझ्यावर जळलं नव्हतं. कौतुक पुष्कळ झालं होतं, पण ते पोत्यात भरून पोटमाळ्यावर गेलं. हे निराळं होतं. माझ्या धाकट्या भावाला, ज्याला स्ट्रायकर घालवण्याचं दुःख होत नाही, त्याला माझी तीन पानं झोंबली होती.

"घडी उलटी घालतोयस," मी म्हटलं आणि शाल त्याच्या हातातून घेतली.

पुढे चालताना तो म्हणाला, "कालिंदी मॅडमना सांगून आलोय मी. परवाच. त्या म्हणत होत्या, मधल्या तीनसारखं लिही, त्यावरच तुला घेतोय. मग राहवलं नाही. सांगितलं, ते ताईचे आहेत."

"मग?"

"भडकल्या. वाचकांना फसवलंत म्हणाल्या. नोकरीचं आता बघू म्हणाल्या."

मी थांबले. त्या नोकरीसाठी त्याने माडीवर बसून तो राहिलेला विषय घोटला होता. माझ्या नशिबी ती नव्हती म्हणून मी त्याच्यावर जळत होते, आणि आता ती त्याच्या हातून जाते की काय या विचाराने मी घाबरले. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

"वेडा आहेस तू," मी म्हटलं.

"तुझा नंबर मागितलाय त्यांनी."

फोन चार दिवसांनी आला, मी गोदामात असताना. कालिंदी मॅडमनी आधी मला चांगलं झापलं. मग म्हणाल्या, "तुमचा तो पहिला लेख माझ्याकडे अजून आहे, वाचनसंस्कृतीचा. तो कोणी लिहिला होता हो?" मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, "वाटत नाही." आणि लेख मागितला. गेमवर नको, ते सम्यकचं आहे, तुम्ही घरावर लिहा, स्वतःच्या नावाने. सम्यकला पुढच्या महिन्यात येऊन भेटायला सांगा, राग गेला असेल तोवर.

तो शनिवार उजाडला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उठले. पुरवणी काढली. त्यांनी एका वाक्यात वाचकांची माफी मागितली होती आणि ते तीन लेख कोणाचे ते सांगितलं होतं. वर 'आज पुन्हा हरलो' होता, नेहमीच्या जागी. सम्यक परत आपल्यासारखं लिहायला लागला होता. एका गेममध्ये हॉटेल काढलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःच सगळं जेवण संपवलं, असं काहीतरी. त्याखाली चौकटीत माझा लेख. नम्रता रामजी सोनवणे. मी नाव दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात आहे, आणि पुढचा अर्धा तास मला तेच दिसत राहिलं.

आईने बोट ठेवून दोन्ही वाचले. कोणता बरा ते तिने सांगितलं नाही. आमच्या दोघांची तोंडं बघून तिला शहाणपण सुचलं असावं. ती पप्पांच्या फोटोसमोर पुरवणी ठेवून नळावर गेली.

मी पोळ्या लाटायला घेतल्या. सम्यक उठला, चष्मा लावला, फोटोसमोरून पुरवणी उचलली आणि भिंतीला टेकून बसला. पान त्याने तोंडासमोर असं धरलं होतं की मला वाटावं तो मागच्या बाजूचं क्रिकेट वाचतोय. पण क्रिकेट माझ्या बाजूला होतं, म्हणजे माझी चौकट त्याच्या बाजूला होती. एकदा खालपर्यंत गेला, आणि पुन्हा वर आला. कपाळावर आठी पडली.

"ताई."

"काय?"

"हे शेवटचं वाक्य. हे कसं सुचलं तुला?"

पोळी तव्यावर टम्म फुगली होती. मी ती उलटवली.

"नाही सांगणार," मी म्हटलं.